गुळवेल: केईएमच्या वॉर्डातून कर्जतच्या बाजारात

गुळवेल कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात मुद्दाम शोधावी लागत नाही. भिसेगाव हे कर्जत स्थानकाला चिकटून असलेले, शहरात मिसळून गेलेले गाव. तिथेही ती कुंपणावर, आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर चढलेली दिसते. माथेरानच्या पायथ्यापासून भीमाशंकरच्या उतारापर्यंतच्या रानात तर ती मुबलक आहे. पान विड्याच्या पानाच्या वळणाचे, खोड बोटाएवढे जाड, त्यावर कागदासारखी पातळ साल. साल नखाने खरवडली की आतला हिरवा रंग दिसतो. वरून दोऱ्यासारखी हवाई मुळे लोंबत असतात. खोड आडवे कापले तर आत चक्राकार रचना दिसते, आणि तुकडा चावला तर तोंड कडूजहर होते. बुंध्यापाशी तोडलेली वेलही सहसा मरत नाही. वरच्या भागातून नवी मुळे सुटून पुन्हा जमिनीला टेकतात. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, संस्कृतात गुडूची किंवा अमृता, हिंदीत गिलोय.

ताप, कावीळ, मधुमेह, संधिवात, त्वचेचे विकार अशा अनेक तक्रारींवर तिचा काढा, चूर्ण किंवा सत्त्व देण्याची परंपरा आयुर्वेदात आहे, आणि कातकरी-ठाकर वाड्यांवरच्या जाणत्या माणसांकडेही आहे. कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथे ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यकोष आणि भाताची देशी वाणे यांच्या जोडीने औषधी वनस्पतींवरही दीर्घकाळ काम केले. त्यामुळे या तालुक्यात रानातल्या औषधाकडे कुतूहलाने पाहण्याची सवय आधीपासून आहे. मात्र परंपरेने दिलेले ज्ञान आणि तपासून पाहिलेले ज्ञान यांत एक पायरी असते. गुळवेल कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, काय फरक पाडते, हा एक प्रश्न. ती गोळा करणाऱ्याला तिच्यातून रास्त उत्पन्न कसे मिळेल, हा दुसरा. पहिला वैद्यकाचा आणि दुसरा व्यापाराचा दिसत असला, तरी दोन्हींची उत्तरे एकाच पद्धतीने मिळतात: काही माणसांवर करून पाहायचे, काहींवर न करता पाहायचे आणि दोन्हींची प्रामाणिक तुलना करायची. याला उपयोजित संशोधन म्हणतात. गुळवेलीच्या बाबतीत त्याचा सर्वांत चांगला नमुना मुंबईतच घडला.

परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात १९८० च्या दशकात औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींचा अभ्यास सुरू केला. पुढे १९८९ मध्ये तिथे आयुर्वेद संशोधन केंद्र उभे राहिले. डहाणूकरांना मराठी वाचक ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ या पुस्तकांमुळे ओळखतो. प्रयोगशाळेत मात्र त्यांचा आग्रह मोजमापाचा होता. त्यांच्या गटाने शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्यासह एक अवघड प्रश्न हाती घेतला. पित्तनलिका खडा किंवा गाठ यांमुळे तुंबली की पित्त रक्तात साचते आणि अवरोधी कावीळ होते. अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागते, पण शस्त्रक्रिया नीट पार पडूनही अनेक जण नंतर जंतुसंसर्गाने दगावत. साचलेल्या पित्तामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्तीच मंदावलेली असे. गुळवेल ही शक्ती परत आणू शकेल का, एवढाच नेमका प्रश्न संशोधकांनी विचारला.

अवरोधी काविळीच्या ३० रुग्णांचे यादृच्छिकपणे दोन गट पाडण्यात आले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळाले: जीवनसत्त्व के, प्रतिजैविके आणि तुंबलेले पित्त नळीने बाहेर काढणे. एका गटाला पित्ताचा निचरा होत असतानाच्या काळात, या सगळ्याच्या जोडीने, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज १६ मिलिग्रॅम गुळवेल देण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षवेधी होते. नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्यांमध्ये रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेल घेतलेल्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ४० टक्के आणि गुळवेल घेतलेल्या गटात ९२ टक्क्यांवर होते. पांढऱ्या पेशींचे काम पूर्ववत झाले ते गुळवेल घेतलेल्यांतच.

या अभ्यासातले एक वाक्य मात्र बाजारात कधी पोचले नाही, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पित्ताचा निचरा झाल्यानंतर दोन्ही गटांत यकृताचे कार्य सारखेच होते. म्हणजे गुळवेलीने कावीळ बरी केली नाही; कावीळ उतरली ती पित्ताला वाट करून दिल्यामुळे. गुळवेलीने केले असेल ते संसर्गाशी लढणाऱ्या पेशींना सावरण्याचे काम, तेही रुग्णालयात, ठरलेल्या मात्रेत, ठरावीक काळापुरते आणि शस्त्रक्रियेच्या जोडीने. तीस रुग्ण ही संख्याही लहान. असा निकाल मोठ्या चाचणीत पुन्हा तपासून पाहावा लागतो. पण ‘काविळीवर गुळवेल’ हे शब्द पाकिटावर छापायला सोपे. नेमका प्रश्न गळून पडतो, उत्तराची सावली तेवढी उरते, आणि पित्तनलिका तुंबलेला एखादा रुग्ण शस्त्रक्रियेऐवजी काढा पीत बसतो. यात जिवाला धोका आहे.

याच महाविद्यालयात डॉ. हर्षद पुरंदरे आणि डॉ. अविनाश सुपे यांनी मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर गुळवेल पूरक म्हणून देऊन पाहिली. सुमारे ५० रुग्णांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेल घेतलेल्यांच्या जखमा थोड्या जास्त वेगाने भरताना दिसल्या, पण आकार आणि खोली यांतला फरक योगायोगाने पडला नसेल असे खात्रीने सांगता येण्याइतका मोठा नव्हता. जखमेतला मेलेला भाग कापून काढण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कमी वेळा आली. आशा वाढवणारा, पण संपूर्ण खात्री न देणारा, असा हा निकाल. प्रामाणिक संशोधनात असे निकाल बरेच असतात आणि ते तसेच मांडावे लागतात.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ॲलर्जीच्या सर्दीवरचा होता. ७५ रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे गुळवेलीचा प्रमाणित अर्क आणि बाकीच्यांना औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. गुळवेल घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्ण थांबल्या, ६९ टक्क्यांचे नाक वाहणे थांबले. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना असा आराम पडला नाही.

नकली गोळीचा हा खटाटोप का? शिंकांनी बेजार झालेला माणूस औषध शोधतो तो त्रास सर्वांत वाढलेला असताना. त्यानंतर काही न करताही त्रास बहुधा उतरतो, कारण ऋतू बदलतो, परागकण कमी होतात. त्यातच औषध घेतले या भावनेनेही बरे वाटते. म्हणून ‘मी घेतले आणि बरा झालो’ हा अनुभव खरा असला तरी त्यातून औषधाचे काम सिद्ध होत नाही. दुसऱ्या बाजूला तसेच रुग्ण, तसाच ऋतू, तशीच आशा आणि औषध मात्र नाही, असा गट उभा केला, तरच औषधाचा वाटा वेगळा काढता येतो.

ही शिस्त मोठ्या रुग्णालयांचीच मक्तेदारी आहे असेही नाही. रायगडच्याच दुसऱ्या टोकाला, महाड परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकापासून विंचूदंशाचा अभ्यास केला. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तीव्र विषबाधेत शंभरातले तीस-चाळीस रुग्ण मरत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, घाम यांच्या नोंदी ठेवता ठेवता बावस्करांना या विषाची चाल उमगली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून त्यांनी ती वापरली, आणि मृत्यूचे प्रमाण काही टक्क्यांच्या आत आले. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलस उपलब्ध झाली तेव्हा स्वतःच्याच उपचाराच्या प्रेमात न पडता त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली: निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन व प्रतिलस. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी आठ तासांत सावरले. नुसती प्राझोसिन मिळालेल्यांना सतरा तासांहून अधिक लागले. २०११ च्या सुमारास हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात वही, घड्याळ आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र यांवर एवढे काम उभे राहू शकते, हे रायगडवासीयांनी अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

गुळवेलीची गोष्ट २०२० मध्ये एकदम वेगळ्या वळणाला लागली. करोनाच्या साथीत ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ वनस्पती म्हणून तिची मागणी उसळली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने आयुर्वेद व योगावर आधारित जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यातही गुडूची घनवटीचा समावेश होता. घरोघरी काढे उकळू लागले. गुळवेल करोनाला रोखते असे दाखवणारा भक्कम पुरावा तेव्हा नव्हता. साथीच्या भीतीत कोणी त्याची वाटही पाहिली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. डॉ. आभा नागरळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पा या विषारी ठरू शकणाऱ्या भाऊबंदाशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये मोठा अहवाल आला, आणि त्यातही तेच चित्र दिसले. अनेक रुग्णांच्या यकृताचा तुकडा तपासला असता स्वप्रतिकार आजाराच्या खुणा आढळल्या. स्वप्रतिकार आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते.

इथे केईएमचा अभ्यास आणि मुंबईतले हे रुग्ण परस्परविरोधी ठरत नाहीत. गुळवेल प्रतिकारपेशींना चेतवते, हे पहिल्या अभ्यासाचे सार. ज्याच्या शरीरात ही यंत्रणा आधीच बिथरलेली आहे, किंवा बिथरण्याच्या बेतात आहे, त्याच्या बाबतीत तिला आणखी चेतवणे घातक ठरू शकते, हा दुसऱ्या निरीक्षणामागचा सर्वांत पटणारा खुलासा. अनेकांना असा आजार आपल्यात दबा धरून आहे याची कल्पनाही नसते. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुसंख्यांना काही झाले नाही, हे खरे. पण थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार, आमवात, ल्युपस किंवा जुना यकृतविकार असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि कोणीही ती महिनोन्‌महिने रोज घेऊ नये, एवढे सांगण्याइतका पुरावा आता हाताशी आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सावध असावे, कारण गुळवेलीने साखर आणखी उतरण्याची शक्यता असते.

साथीच्या याच काळात गुळवेलीने काही आदिवासी तरुणांचे घरही सावरले. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरच्या शहापूर तालुक्यात आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था या कातकरी तरुणांच्या गटाने गुळवेल गोळा करून, वाळवून विकायला सुरुवात केली होती. २०२१ मध्ये त्यांना मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन मालाची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे केंद्राने जाहीर केले. त्यामागे वन धन योजनेचा आधार होता. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या विजापूरहून सुरू झालेल्या या योजनेत साधारण वीस-वीस जणांचे पंधरा बचत गट मिळून तीनशे सभासदांचे एक वन धन विकास केंद्र बनते. ट्रायफेड ही केंद्रीय संस्था ती चालवते, आणि महाराष्ट्रात शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ तिचे काम पाहते. साथीच्या सुरुवातीला केंद्राने गौण वनोपजांचे हमीभाव वाढवले तेव्हाही सर्वांत मोठी वाढ गुळवेलीच्या वाट्याला आली.

शहापूरच्या आकड्यांचा भागाकार करून पाहण्यासारखा आहे. १ कोटी ५७ लाखांना ३५० टनांनी भागले तर किलोमागे सुमारे ४५ रुपये येतात. वेल शोधणे, तोडणे, डोक्यावरून आणणे, कापणे, वाळवणे आणि वाहतूक, सगळे त्यातच. तीच वेल चूर्ण होऊन शंभर ग्रॅमच्या डबीत शहरात पोचते तेव्हा किलोचा भाव याच्या कितीतरी पट झालेला असतो. कच्चा माल विकणाऱ्याने माल स्वतःच्या नावाने विकावा, हा सल्ला या फरकातूनच दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. डबीवर नाव छापले की गिऱ्हाईक येते असे नाही, आणि इथेच लहान धंद्याला बाजाराच्या संशोधनाची गरज पडते.

कर्जतला या बाबतीत एक नैसर्गिक लाभ आहे. भोर घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडण्यासाठी इथे थांबावे लागते, आणि त्या थांब्यावरच कर्जतचा वडापाव नावारूपाला आला. खोपोली आणि पनवेलचे फाटेही इथूनच निघतात. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याचे ट्रेकर, फार्महाउसवाले आणि पर्यटक मोठ्या संख्येने उतरतात. पावसाळ्यात कातकरी-ठाकर बाया शेवळे, टाकळा, कुर्डू, कंटोळी यांच्या जुड्या आणि वाटे मांडून बसतात. त्यांच्यापुढे थांबणारे गिऱ्हाईक हेच गुळवेलीचेही संभाव्य गिऱ्हाईक. भिसेगावातल्या एखाद्या बचत गटाने तिथे गुळवेल विकायची ठरवली, तर पहिला प्रश्न कोणाला काय हवे आहे, हा असेल. वाळलेल्या काड्या हव्यात की चूर्ण? की अंगणात लावायला कलम? याचे उत्तर विचारून मिळते, पण विकून पाहिल्यावर जास्त खरे मिळते, कारण ‘घेईन’ म्हणणारे सगळे घेत नाहीत.

समजा, गटाने दोन प्रकारची लेबले छापली. एकावर नुसते ‘गुळवेल चूर्ण’, दुसऱ्यावर ‘कर्जतच्या रानातली गुळवेल’ आणि गोळा करणाऱ्या वाडीचे नाव. कोणते जास्त खपते हे पाहायचे, तर पहिल्या आठवड्यात एक आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरे ठेवून चालत नाही. दुसऱ्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असेल, किंवा धो धो पाऊस असेल, किंवा जोडून सुट्टी असेल, तर खपातला फरक लेबलाचा की गर्दीचा हे कळणारच नाही. नागपूरच्या चाचणीत नकली गोळी ज्या कारणासाठी लागली, त्याच कारणासाठी इथे दोन्ही लेबले एकाच दिवशी, आलटून पालटून मांडावी लागतात. सकाळी एक तर दुपारी दुसरे, आणि पुढच्या वेळी उलट. कोणत्या दिवशी कोणते लेबल आधी लावायचे हे चिठ्ठी काढून ठरवावे. विकणाऱ्याच्या मनातले आवडते लेबल नकळत गर्दीच्या वेळी पुढे येते.

आकडे वाचतानाही घाई नडते. पहिल्या लेबलापाशी शंभर जण थांबले आणि दहांनी घेतले, दुसऱ्यापाशी शंभर थांबले आणि चौदांनी घेतले, तर दुसरे लेबल सरस असे म्हणता येत नाही. नाणे शंभर वेळा उडवले तर छाप दर वेळी नेमके पन्नास वेळा पडत नाही. तसा चार-पाचांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तेच प्रमाण दहा विरुद्ध पंचवीस निघाले तर मात्र ते सहज योगायोगाने होत नाही, आणि लेबल बदलणे शहाणपणाचे. पायांच्या जखमांच्या अभ्यासात ‘फरक दिसला, पण खात्री नाही’ असे डॉक्टरांना म्हणावे लागले, ते याच हिशेबाने. वहीत दिवस, वेळ, हवामान, लेबल, थांबलेले आणि घेतलेले एवढे सहा रकाने पुरतात. गटातल्या एखाद्या बाईच्या शाळकरी मुलीलाही हे काम सहज जमेल.

तिसरे लेबल छापण्याचा मोह कायम असतो: ‘मधुमेहावर रामबाण’. ते बहुधा जास्त खपेलही. पण ते छापता येत नाही. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ५४ विकारांची यादी केली आहे आणि त्यांच्यावरच्या उपचाराची जाहिरात करायला बंदी घातली आहे. मधुमेह, कर्करोग, बहिरेपणा हे त्यात आहेत. गुळवेल आयुर्वेदिक औषध म्हणून विकायची तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना लागतो, आणि स्वच्छता, यंत्रसामग्री व तपासणीच्या अटी पाळाव्या लागतात. खाद्यपदार्थ म्हणून विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि रोग बरा होण्याचा दावा अजिबात करता येत नाही. लहान गटाला परवान्याचा खर्च झेपत नसेल, तर परवाना असलेल्या उत्पादकाकडून माल तयार करून घेणे, किंवा ओळख पटवलेली, स्वच्छ वाळवलेली वेल औषध कंपन्यांना कच्चा माल म्हणून पुरवणे, हा मार्ग उरतो.

कायद्यापलीकडेही एक व्यवहार आहे. रानातून येणारे औषध विकणाऱ्याकडे ना टीव्हीवरची जाहिरात असते ना प्रसिद्ध चेहरा. त्याच्याकडे असते ती ओळख: ही वेल कुठली, कोणी तोडली, कधी वाळवली. हे सगळे सांगणारे आणि त्याच्याच खाली ‘स्वप्रतिकार आजार किंवा यकृतविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्या; सलग अनेक आठवडे घेऊ नका’ असे स्पष्ट लिहिणारे पाकीट, यकृताच्या बातम्या वाचून बिचकलेल्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला अधिक भरवशाचे वाटेल, की इशारा वाचून ते पाकीट परत ठेवेल? हेही अंदाजाने ठरवू नये. वरच्याच पद्धतीने तपासता येते. इशारा छापायचा की नाही हा मात्र तपासण्याचा विषय नाही. तो छापलाच पाहिजे. त्याची मांडणी कशी असावी, एवढेच तपासायचे.

ओळखीचा प्रश्न तर सर्वांत आधी सुटायला हवा. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी, चामखिळींसारखे उंचवटे असतात. गुळवेलीचे खोड त्या मानाने सपाट, बारीक ठिपक्यांचे असते. वासनवेल ही त्याच कुळातली वेल रानात शेजारीच वाढते. तिच्या पानांवर लव असते. वाडीवरच्या जाणत्या बाईला हे सांगावे लागत नाही, पण मागणी वाढली की तोडायला येणारे नवे हात ती पारख घेऊन येत नाहीत. म्हणून गोळा करणाऱ्या प्रत्येकाला वेल पानासकट ओळखून दाखवायला लावणे आणि प्रत्येक खेपेतला एक तुकडा नाव-तारीख लिहून जपून ठेवणे, हे शिरस्त्याचे व्हायला हवे. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणकारी अशी समजूत आहे, पण ती कमी मिळते. दुसऱ्या झाडावरची वेल कडुनिंबाची म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

वाळवण्याचा भाग कर्जतमध्ये सर्वांत कठीण. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेत ओल भरून राहते. जाड काडी बाहेरून वाळलेली आणि आतून ओली राहिली, तर पोत्यात बुरशी धरते, आणि काही बुरश्यांचे विष यकृतालाच मारक असते. जे औषध यकृताच्या नावाने विकले जाते, त्याच्यातूनच यकृताला इजा व्हावी यापरते दुर्दैव नाही. त्यामुळे तोडणी पाऊस सरल्यावर, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत करणे, खोडाचे बोटभर लांबीचे तुकडे मधोमध चिरून सावलीत, जमिनीपासून वर बांधलेल्या जाळीवर वाळवणे आणि काडी वाकवल्यावर कट्कन मोडते की नाही हे पाहूनच पोत्यात भरणे, ही पद्धत बरी. सत्त्वाला मेहनत आणखी लागते: ओली खोडे ठेचून पाण्यात भिजवायची, चोळायची, गाळायची आणि पाणी स्थिर ठेवून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. ढीगभर वेलीतून मूठभर सत्त्व निघते. बाजारातले स्वस्त सत्त्व म्हणूनच संशयाने पाहावे. त्यात दुसरा स्टार्च मिसळणे सोपे असते.

रान टिकवण्याचा हिशेबही धंद्याच्याच वहीत यायला हवा. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क इथल्या आदिवासींनाही दिला आहे. तो हक्क ग्रामसभेने कागदावर आणून घेतला, तर बाहेरचा व्यापारी रात्रीत वेली ओरबाडून नेऊ शकत नाही. मुळासकट उपटण्याऐवजी जमिनीपासून हातभर खोड सोडून तोडले, तर वेल पुन्हा फुटते. दोन डोळ्यांची कांडी पावसाच्या तोंडावर बांधाच्या कुंपणाला खोचली तर ती सहज लागते, आणि काही वर्षांत कापणीयोग्य होते. रानावरचा भार हलका करणारा आणि ओळखीची खात्री देणारा हाच मार्ग.

विक्री झाल्यानंतरचीही एक नोंद राहते. आयुर्वेदिक व इतर आयुष औषधांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी देशात औषधदक्षता कार्यक्रम चालतो. त्याचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. गिऱ्हाइकाने ‘तुमचे चूर्ण घेतल्यापासून डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते’ असे सांगितले, तर चूर्ण थांबवायला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगणे, पाकिटावरचा खेपेचा क्रमांक वहीत लिहून ठेवणे, त्या खेपेची विक्री थांबवणे आणि जपून ठेवलेला तुकडा तपासणीसाठी हवाली करणे, हे विकणाऱ्याचे काम आहे.